पाळीव जंतू

आमच्या सुनेला गल्लीत सगळे ‘साबणबाई’ म्हणायचे. नाव पाडलं कोपऱ्यावरच्या न्हाव्यानं. एकदा ती त्याच्या दुकानावरून जात होती. तिनं आत डोकावून त्याच्या हातातला वस्तरा पाहिला आणि अगदी गोड आवाजात विचारलं, “हा शेवटचा उकळला कधी होता हो?” न्हावी असा काही गोरामोरा झाला, की समोरचं गिऱ्हाईक अर्ध्या गालावर फेस तसाच ठेवून उठलं आणि घरी गेलं. ते गिऱ्हाईक म्हणजे मीच. म्हणून तर इतकं नक्की सांगतो.

ती सरकारी अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. दूध, मांस, सरबतं, हॉटेलातलं तयार जेवण, जे जे माणसाच्या पोटात जायचं ते तिच्या टेबलावर आधी येतं. त्यात रोग करणारे जंतू आहेत का, ते ती बघते. लग्न होऊन आली त्या पहिल्याच सकाळी तिनं ओट्यावरचं फडकं पातेल्यात घालून उकळायला ठेवलं. आमची ही बघतच राहिली. म्हणाली, “अगं, फडकं शिजवतेस की काय?” सून म्हणाली, “हो आई. फोडणी देऊ का वरून?” ही इतकी हसली, की त्या दिवसापासून सासू-सुनेचं गूळपीठ जमलं आणि मी एकटा पडलो. ते एक असो.

मी गावच्या शाळेत शिकलेला माणूस. आमच्या मास्तरांना विज्ञानाचा एकच प्रयोग यायचा. पेटत्या मेणबत्तीवर पेला पालथा घालायचा, मेणबत्ती विझली की झाला प्रयोग. मग मास्तर ती मेणबत्ती फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवायचे, कारण पुढच्या वर्गाचं विज्ञानही तिच्यावरच व्हायचं. त्यामुळे खरी प्रयोगशाळा बघायची मला भारी हौस. एकदा सून डबा विसरून गेली, तर मी तो घेऊन जवळजवळ धावतच गेलो. आमची ही मागून ओरडली, “अहो, चप्पल तरी घाला!”

आत काही सोडलं नाही, पण काचेतून सगळं दिसलं. पांढरी टेबलं, पांढरे कोट, आणि एक यंत्र. यंत्राला दोन फळ्या. अन्नाचा तुकडा आणि जंतूंना पोसणारा पातळ रस्सा असं दोन्ही एका पिशवीत भरायचं आणि त्या फळ्यांत धरायचं. मग त्या फळ्या कणीक तुडवल्यासारखं धपाधप तुडवत बसतात. सुनेनं बाहेर येऊन मला समजावलं. त्या पिशव्या उबदार कपाटात रात्रभर ठेवायच्या. अन्नात एखादाच जंतू असला, तरी तो रस्सा पिऊन आपलं खटलं वाढवतो. मग तारेच्या बारीक कडीनं थेंबभर उचलून जेलीच्या बशीवर रेघोट्या ओढायच्या. आपल्याला हवा तो जंतू असेल, तर रेघोट्यांवर काळे ठिपके उठतात, माशाच्या डोळ्यांसारखे.

“आणि त्या कोपऱ्यातल्या नळीला लाल झाकण का?” मी विचारलं.

“तो आमचा पाळीव जंतू, बाबा.”

मला वाटलं, थट्टा करते. पण नाही. तपासणी दरवेळी बरोबर चालली आहे, हे कळायला एका पिशवीत ते मुद्दाम खरा जंतू घालतात. तो वाढला, तर कपाट, रस्सा, जेली सगळं ठीक. तोच वाढला नाही, तर बाकीच्यांत काही नाही असं कुठल्या तोंडानं सांगायचं?

“आणि पाळीव जंतू दावं तोडून दुसऱ्याच्या पिशवीत शिरला तर?”

“म्हणून त्याला सगळ्यांत शेवटी हात लावायचा. आणि म्हणूनच त्याला खूण करून ठेवली आहे. जांभळ्या दिव्याखाली धरला, की हिरवा चमकतो. बाहेरचा जंतू चमकत नाही. आमचा चमकतो.”

घरी येऊन मी गल्लीत ज्याला त्याला हे सांगितलं. आमच्या सुनेकडे हिरवा चमकणारा जंतू पाळलेला आहे, म्हटल्यावर न्हाव्यानं विचारलं, “त्याला खायला काय घालतात?” मी म्हणालो, “तुझा वस्तरा.”

आता पाववाला. आमच्या घरापासून दोन वळणांवर त्याची भट्टी. तो आणि त्याची थोरली बहीण, एवढाच कारभार. बहीण विधवा, कमी बोलणारी. तो पाव भाजायचा, ती त्यांत दुधाचं क्रीम भरायची. तिच्या हातात अशी जादू, की क्रीम कधी कमी नाही, जास्त नाही आणि बोटाला कधी लागलेलं नाही. पाववाला मोठ्या अभिमानानं म्हणायचा, “माझ्या भट्टीत माशी आली, तर तीसुद्धा पाय पुसून येते.” आमची सून फक्त त्याच्याकडचेच क्रीमचे पाव खायची. बाहेरचं दुसरं काही तिच्या घशाखाली उतरायचं नाही. साबणबाईनं पसंत केलेली भट्टी, म्हणून इतर लोकही तिथेच जायचे.

मोठ्या दवाखान्यातल्या रोग्यांना रोज सकाळी पाव द्यायचं काम त्याला मिळत होतं. त्यासाठी प्रयोगशाळेचा दाखला हवा होता. तो सुनेला रस्त्यात भेटला. “वहिनी, माझं जरा लवकर बघाल का? दवाखानेवाले घाई करतायत.”

“माझ्या हातात नसतं ते दादा. पण बघते,” ती म्हणाली.

तपासनीस त्याचे पाव घेऊन प्रयोगशाळेत पोहोचला तेव्हा दिवस संपत आला होता. सुनेचं त्या दिवसाचं सगळं काम उरकलं होतं. पाळीव जंतूही पिशवीत घालून झाला होता. उशिरा आलेला नमुना शीतकपाटात ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी नव्या टेबलावर घ्यायचा, असा नियम. पण तिच्या मनात आलं, दादाचं काम एक दिवस आधी होईल. टेबल तर पुसलंच आहे. तिनं हातमोजे बदलले, पाव घेतला, पिशवीत घातला. कोटाची बाही मात्र तीच होती.

रेघोट्यांवर काळे ठिपके उठले, तेव्हा तिनं बशीवरचा क्रमांक दोनदा वाचला. पुढच्या पक्क्या तपासण्या केल्या. त्याही तेच सांगत होत्या. सांगणारच, जंतू खराच होता की! आता राहिला जांभळा दिवा. एरवी असं काही निघालं, की बशी दिव्याखाली धरल्याशिवाय ती पुढे जायची नाही. त्या दिवशी तिनं धरली नाही.

का नाही धरली, हे तिनं मला पुढे सांगितलं. तिला स्वतःचीच लाज वाटली. ‘ओळखीचा आहे, म्हणून सुटायला वाट शोधते आहेस,’ असं तिचं तिलाच वाटलं. रोगी माणसांच्या पोटात जाणारा पाव, आणि आपण दादा-वहिनी करत बसायचं? तिनं मन घट्ट केलं आणि तो निकाल प्रयोगशाळेच्या प्रमुख, मोठ्या मॅडम, त्यांच्या सहीला पाठवून दिला. आधी ओळखीपायी नियम मोडला, मग ओळखीच्याच धाकानं दिवा टाळला. माणसाच्या चांगुलपणाला सुद्धा कुठे पाय घसरेल, सांगता येत नाही.

भट्टीवर नोटीस लागली. दवाखान्याचं काम गेलं. आणि मग आमच्या गल्लीला जी पोटदुखी आठवायला लागली, ती विचारू नका. न्हाव्याला मागल्या वर्षीची कळ आठवली. शिंप्याला त्याच्या साडूच्या लग्नातली आठवली, आणि साडू तर परगावचा. मलाही क्षणभर पोटात गुरगुरल्यासारखं झालं. आमची ही म्हणाली, “ती भूक आहे. मुकाट्यानं जेवायला बसा.”

सून मात्र त्या दिवसांत भट्टीचं वळण टाळून लांबच्या रस्त्यानं जायची. आपण बरोबर केलं, असं तिला वाटत होतं. पण बरोबर केलेल्या माणसाची मान अशी खाली का, हे मला कळेना.

एका संध्याकाळी पाववाल्याची बहीण आमच्या दारात आली. आत बोलावलं तर येईना. उंबऱ्याबाहेरच उभी. दोन्ही हात पदरात गुंडाळलेले.

सून बाहेर गेली. “या ना ताई, बसा.”

“नको गं. तुझ्या घरात लहान-मोठी माणसं आहेत.”

“असं काय बोलता?”

“तपासायला आलेला तो माणूस म्हणाला, भाजलेल्या पावात जंतू जगत नाही, भरणाऱ्याच्या हातून गेला असेल. भरणारी तर मीच.” तिनं पदरातून हात काढले. साबणानं, सोड्यानं घासून घासून कातडी सोललेली, बोटांच्या सांध्यांवर चिरा पडलेल्या. “डॉक्टरांकडे तपासायला दिलंय, निकाल अजून आला नाही. भावाला मी ताट वेगळं करायला सांगितलंय. तो रागावतो, पण मी ऐकत नाही. तू शिकलेली आहेस. तू बघ ना माझे हात. तुला दिसतात का त्याच्यावर?”

सुनेनं ते हात हातात घेतले. ताई मागे ओढायला लागली. “अगं, लागेल तुला!” सुनेनं सोडले नाहीत. शेवटी आमच्या हीनंच आतून खोबरेल तेलाची वाटी आणली आणि म्हणाली, “धुणं पुरे आता. हे चोळ.”

दुसऱ्या दिवशी सून कामावर गेली. त्या आठवड्यातल्या जुन्या बशा वाफेच्या मोठ्या भांड्यात जायच्या होत्या. आत गेलेला जंतू मरतो आणि बशी कचऱ्यात जाते. झाकण उघडं होतं. तिच्या हातात भट्टीच्या पावातून निघालेल्या जंतूची बशी आली, आणि तिला ते सोललेले हात आठवले. तिनं बशी उचलली आणि जांभळ्या दिव्याखाली धरली.

हिरवी. अंधारात काजवा दिसावा, तशी हिरवी.

खोलीत दुसरं कुणीच नव्हतं. झाकण उघडं होतं. बशी आत टाकली असती, तर जगात कुणाला काही कळलं नसतं.

तिनं ती टाकली नाही, पण कुणाला सांगितलंही नाही. शीतकपाटात मागच्या बाजूला ठेवली आणि घरी आली. मी स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसलो होतो. ही शेजारी गेली होती. सून तांदूळ धूत होती. एकदा धुतले, दोनदा धुतले. पाणी नितळ झालं, तरी धुतच राहिली.

“सूनबाई, तांदळाची पेज व्हायची थंड पाण्यातच,” मी म्हणालो.

तिनं नळ बंद केला आणि पाठमोरीच राहून सगळं सांगितलं. बाही, दिवा, बशी, हिरवा रंग.

मी गोंधळलो. गोंधळलो की मला गोष्ट सुचते. मी म्हणालो, “आमच्या शाळेत एकदा काय झालं...”

“बाबा, गोष्ट नको.”

आयुष्यात मला कुणी असं गप्प केलं नव्हतं. मी शेंग हातात धरून बसलो.

“मी सांगितलं, तर माझे आधीचे सगळे निकाल उकरून काढतील,” ती म्हणाली. “नोकरीचं काय व्हायचं ते होवो. पण लोकांचं काय? उद्या खरोखरच कुणाच्या मांसात, दुधात जंतू सापडला, तर तो म्हणेल, यांच्याच घरचा असेल. आणि ते अन्न खाऊन कुणी मेलं तर? लोकांचा भरवसा उडाला, तर प्रयोगशाळा असून नसल्यासारखी. मग एका भट्टीसाठी...” ती थांबली.

“मग?” मी विचारलं.

“मग त्या ताईंचे हात, बाबा. आत्ता या क्षणीसुद्धा त्या धूत असतील.”

मी काही शहाणपण सांगितलं असेल, असं तुम्हाला वाटत असेल, तर तसं नाही. मी एवढंच म्हणालो, “तांदूळ दे इकडे. मी लावतो भात.” त्या दिवशीचा भात खाली लागला.

सकाळी तिनं बशी नेऊन मोठ्या मॅडमच्या टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. मोठ्या मॅडमनी बशी नेऊन स्वतः दिव्याखाली धरून बघितली.

“तू ही आता दिव्याखाली का धरलीस?”

“आधी धरली नव्हती म्हणून.”

“टाकून दिली असतीस, तर मला कळलं नसतं.”

“मला कळलं होतं, मॅडम.”

मोठ्या मॅडम कडक बाई. त्यांनी तिची पाठ थोपटली नाही की चूक माफही केली नाही. बंद भट्टी तेवढ्यापुरती पेटवायला लावून नवे नमुने मागवले, ते स्वतः तपासले. ते स्वच्छ निघाले. चुकीचा निकाल मागे घेतला, दवाखान्याला कळवलं. सुनेला तपासणीच्या टेबलावरून काढून काचसामान धुण्याच्या खोलीत पाठवलं. आणि तो जांभळा दिवा तिच्या जुन्या टेबलाला कायमचा ठोकून टाकला. आता त्याच्या उजेडातून गेल्याशिवाय एकही बशी पुढे सरकत नाही.

नमुने स्वच्छ निघाले, त्याच संध्याकाळी सून म्हणाली, “बाबा, भट्टीवर येता का माझ्याबरोबर? पण बोलायचं नाही.” मी तोंडावर बोट ठेवूनच निघालो.

पाववाला थंड भट्टीसमोर बसला होता. सुनेनं उभ्या उभ्याच सांगितलं. तो डोळे मिचकावत ऐकत राहिला.

“म्हणजे जंतू तुमचा?”

“आमचा.”

“पाळलेला?”

“हो दादा.”

“तो काका सांगतात तो, हिरवा?” त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तो एकदम हसत सुटला. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्याचं हसणं कधी थांबलं, हे त्यालाही कळलं नाही. मग त्यानं आत हाक मारली, “अक्का! ये बाहेर! तू काही केलं नाहीस गं! काही केलं नाहीस!”

ती बाहेर आली. हात अजून पदरात. सगळं पुन्हा सांगून झालं. तिनं फक्त एकच विचारलं, “तुला कधी कळलं?”

सून खोटं बोलू शकली असती. “चार दिवसांपूर्वी कळलं, ताई. मॅडमना दुसऱ्या सकाळी सांगितलं.”

“आणि मला आज.”

“नवे नमुने बघितल्याशिवाय मॅडम सांगू नको म्हणाल्या. पण मधली ती पहिली रात्र माझी. ती मी गप्प काढली.”

“त्या रात्री मी हात धूत होते,” ती म्हणाली. “कालही.”

बास, इतकंच. ओरडली नाही, रडली नाही. आत निघून गेली. पाववाला म्हणाला, “वहिनी, तिचं मनावर घेऊ नका.” सून म्हणाली, “घ्यायलाच हवं, दादा.”

भट्टी पुन्हा पेटली. दवाखान्याचं कामही काही दिवसांनी परत मिळालं. गल्लीतल्या सगळ्यांच्या पोटदुख्या जशा आल्या तशा पळून गेल्या. न्हावी तर म्हणाला, “मला आधीपासूनच खात्री होती.” मात्र सुनेला ज्याची भीती होती, तेही घडलं. एका सरबतवाल्याच्या बाटलीत जंतू सापडला, तर तो प्रयोगशाळेच्या दारात उभा राहून ओरडला, “तुमचाच असेल! पाळता ना तुम्ही!” मोठ्या मॅडमनी त्याला आत नेलं, दोन बशा दिव्याखाली धरल्या. पाळीव जंतूची हिरवी. त्याची चमकलीच नाही. तो आल्या पावली निघून गेला. सून तेव्हा मागच्या खोलीत बाटल्या धूत होती. तिला ओरडणं सगळं ऐकू आलं होतं.

पुढे तिला टेबलावर परत घेतलं. पण अजूनही कामावरून आली, की कधी कधी जेवताना मध्येच तिचा घास थांबतो आणि ती आपल्या बाहीकडे बघते. आमची ही म्हणते, “अगं, तो कोट कामावरच राहिला.” ती हसते. पण ते हसू ओठांवरच राहतं. गल्लीत कुणी ‘साबणबाई’ म्हटलं, की ती आता सरळ सांगते, “ते नाव नको.” आणि न्हावीही म्हणत नाही. शहाणा आहे तसा.

पाववाल्याच्या बहिणीनं मात्र क्रीम भरणं सोडलं. भाऊ विनवण्या करून थकला. ती म्हणते, हात नीट चालत नाहीत. ती आता गल्ल्यापुढे बसून पाव देते. सगळ्यांना हातानं देते. पाव घेतला, कागदात ठेवला, दिला. आमची सून पुढे आली, की मात्र ती चिमटा उचलते. चिमट्यानं पाव धरते, चिमट्यानं कागदात ठेवते, चिमट्यानंच पुढे करते.

मी एकदा सुनेला म्हणालो, “उद्यापासून पाव मी आणत जाईन. मला तेवढंच फिरणं.”

“नको बाबा,” ती म्हणाली. “मीच जाते.”

रोज जाते. लांबच्या रस्त्यानं नाही, जवळच्या. रांगेत उभी राहते, दोन्ही हात पुढे धरते, आणि चिमट्यातला पाव घेऊन येते.